अडुसष्टवर अडलेलं मीडियम

कारखान्यात तिला सगळे मीडियमताई म्हणायचे, आणि त्यात कुणाची चेष्टा नव्हती. बायकांचे तयार कपडे शिवणारा तो कारखाना. तिथे ‘मीडियम’ म्हणून जे काही कापलं जाई, ते आठ वर्षं तिच्याच अंगावर बेतलं जात होतं. आरशासमोर एक बुटकं लाकडी स्टूल होतं. दर सोमवारी ती नमुन्याचा कपडा घालून त्यावर उभी राहायची. हात वर करायची, वाकायची, खुर्चीत बसायची आणि सांगायची, “डाव्या बगलेत ओढतंय. बसल्यावर तिसरं बटण रुसतंय.” कटिंग मास्तर तोंडात टाचण्या धरून ऐकायचे आणि तिथल्या तिथे खडूने खूण करायचे. कपडा कुठे अडतो हे तिला जसं कळायचं तसं दुसऱ्या कुणाला कळत नसे, आणि त्याचा तिला मनातून भारी अभिमान होता.

मग तिला मुलगी झाली. मुलगी गुटगुटीत, आईही गुटगुटीत. बाळंतपणानंतर काट्यावर उभी राहिली तेव्हा शहात्तर किलो. पूर्वीचे अठ्ठावन्न. पण बाई जिद्दीची. सकाळी बाळाला गाडीत घालून चार फेऱ्या, दुपारी काकडी, संध्याकाळी पुन्हा काकडी. सहा महिन्यांत आठ किलो उतरले. नवरा कौतुकाने फ्रिजवर आकडे लिहून ठेवायचा. अडुसष्ट लिहिलं, आणि तिथे घोडं पेंड खायला लागलं.

नेमकी त्याच वेळी रजा संपली. मालकीणबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. बाई वाईट नव्हत्या, फक्त सरळ बोलायच्या. सरळ बोलणाऱ्या माणसांचा त्रास असा, की त्यांच्यावर रागावताही येत नाही.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “थंडीचे कोट घेतलेत करायला. सात आठवडे आहेत. शेवटच्या सोमवारी मीडियमचा कोट तुझ्या अंगावर न ओढता बसला, तर स्टूल तुझं. नाही बसला तर मला दुसरी बघावी लागेल, आणि तुला पॅकिंगच्या टेबलावर घेईन. मान्य?”

मान्य नसून सांगते कुणाला! पॅकिंगच्या टेबलावर कपड्याची घडी घालायची आणि पिशवीत कोंबायची. त्याला बगल कळावी लागत नाही.

पहिल्या आठवड्यात काटा अडुसष्ट. दुसऱ्या आठवड्यात अडुसष्ट. तिने भात सोडला, लोणी सोडलं, साखर सोडली, नवऱ्याशी नीट बोलणंही सोडलं. काटा ढिम्म. तिने काटा न्हाणीघरातून स्वयंपाकघरात नेला, तिथून खिडकीपाशी. कानातलं काढून उभी राहिली. एका पायावर उभी राहिली. दवाखान्यातल्या नर्सने समजावलं, “अंगावर पाजताय, झोप पुरी नाही. शरीर कधीकधी असं थांबतं. थोडा धीर धरा.” धीर धरायला सात आठवडे होते आणि त्यातले तीन संपले होते. घरात सासूबाईंचं वेगळंच. त्यांनी लोण्याचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या किटलीच्या मागे लपवला होता आणि येता-जाता विचारायच्या, “अगं, उतरलं का गं?” जसं काही वजन म्हणजे गाडीतून यायचा पाहुणा.

मात्र एक चमत्कार होत होता. काटा हलत नव्हता, पण कोट सैल होत होता. पहिल्या सोमवारी कोटाची दोन्ही टोकं एकमेकांकडे नुसती बघत होती. तिसऱ्या सोमवारी जवळ आली. पाचव्या सोमवारी वरची दोन बटणं लागली.

“बघा मास्तर!” ती आरशात वळून वळून बघायची. “वजन नाही, पण इंच उतरतायत!”

“उतरतायत, उतरतायत,” मास्तर टाचण्यांतून म्हणायचे आणि खडू शोधायला खाली वाकायचे.

सातव्या सोमवारी मालकीणबाई स्वतः येऊन उभ्या राहिल्या. कोट चढला, बटणं लागली, ती बसली, उठली, हात वर केले. कुठे काही ओढलं नाही. मालकीणबाईंनी मान डोलावली आणि स्टूल तिचं झालं. त्या दिवशी घरी जाताना तिला रस्त्यातल्या प्रत्येक काचेत स्वतःला बघावंसं वाटलं, आणि तिने बघितलंही. नमुना पास झाला, त्याच्या पुठ्ठ्याच्या पॅटर्नवरून मीडियमचे चारशे कोट कापले गेले, शिवले गेले आणि तीन आठवड्यांत दुकानांत पोचले.

बिंग फुटलं ते आनंदातच. एका दुपारी कपडे बदलायच्या खोलीत तिला खुंटीवर गेल्या वर्षीचा कोट दिसला. मीडियमच, तिच्याच अंगावर बेतलेला. म्हटलं, बघू तरी घालून, आता काय, आपण मापात आहोत. कोट खांद्यावरून खाली आला, कंबरेशी आला आणि थांबला. बटणं आणि काजं यांच्यात चांगलं दोन बोटांचं अंतर.

दुसरी एखादी असती तर रडली असती. ही कारखान्यातली. तिने कोट काढला, नव्या मालातला एक मीडियम उचलला आणि दोन्ही कटिंगच्या टेबलावर एकावर एक पसरले. नवा कोट जुन्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होता. तिने टेप लावली. सगळा घेर मिळून दीड इंच जास्त. शेवटच्या सोमवारआधीचे सहा सोमवार, सोमवारी पाव इंच.

“मास्तर,” ती म्हणाली, “इकडे या.”

मास्तर आले. टेबल बघितलं आणि तोंडातल्या टाचण्या एकेक करून बाहेर काढून ठेवल्या. इतक्या वर्षांत मास्तरांचं तोंड रिकामं तिने पहिल्यांदाच पाहिलं.

“तू पहिल्या सोमवारी स्टुलावरून उतरलीस ना,” ते म्हणाले, “तुझं तोंड बघवेना मला. म्हटलं पाव इंच सोडू, पोरीला हुरूप येईल, पुढे खरंच उतरलं की परत घेऊ शिवण आत. तू काही उतरेनास. मग दर सोमवारी—”

“पण पॅटर्न? नमुना सोडलात, पुठ्ठा का वाढवलात?”

मास्तरांना हा प्रश्नच अपमानाचा वाटला. “नमुना आणि पुठ्ठा जुळायलाच पाहिजेत! चाळीस वर्षांत माझा पुठ्ठा नमुन्याला सोडून गेलेला नाही.”

असा हा माणूस. खोटं बोलायचं तर तेही व्यवस्थित, नोंदीसकट. त्याच्या या सचोटीपायी चारशे चुकीचे कोट जगात हिंडत होते.

तिला आधी संताप आला. सात आठवडे आरशासमोर गिरक्या घेतल्या आणि हा माणूस खाली वाकून हळहळत होता! मग लाज वाटली. मग लक्षात आलं, स्टूल तिचं नव्हतंच. ते त्या दीड इंचाने मिळवलं होतं. मास्तर हळूच म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या मालात मी हळूहळू घेतो आत. कुणाला पत्ता लागणार नाही.”

“आणि पुढच्या मालाला मी कुठून आत येऊ?” ती म्हणाली.

तिने दोन्ही कोट हातावर टाकले आणि थेट मालकीणबाईंच्या खोलीत गेली. मागून मास्तर, फाशीला निघाल्यासारखे. तिने सांगितलं ते असं, की चूक दोघांची आहे; मास्तरांनी शिवण सोडली आणि कपडा कुठे अडतो हे सांगायचा पगार घेणाऱ्या तिला सात आठवडे तो का अडत नाही असं विचारावंसं वाटलं नाही. पॅकिंगचं टेबल तिला डोळ्यांसमोर दिसत होतं, पिशव्यांच्या ढिगासकट.

मालकीणबाईंनी दोन्ही कोटांवर टेप फिरवली. फोन उचलला आणि सगळ्यात मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्या बाईंना लावला. “मीडियमच्या मापात आमच्याकडून गडबड झाली आहे,” असं म्हणून त्यांनी माल परत मागवण्याची भाषा काढली, तेवढ्यात पलीकडून बोलणं सुरू झालं ते थांबेना. ते दारापाशी उभ्या दोघांनाही ऐकू येत होतं.

“परत? कुठून परत देऊ? दहा दिवसांत संपले! दरवर्षी तुमचा मीडियम निम्मा परत येतो, बायका म्हणतात उभं राहायला ठीक, पण बसलं की श्वास कोंडतो. यंदा एक परत नाही. मीच घालून फिरतेय. आणखी तीनशे पाठवा आणि एक दोरासुद्धा बदलू नका, सांगून ठेवते!”

मालकीणबाईंनी फोन ठेवला. मास्तरांना म्हणाल्या, “तुम्ही मला विचारल्याशिवाय पुन्हा पाव इंचही हलवलात, तर त्या पॅकिंगच्या टेबलावर तुम्हाला बसवीन.” मग तिच्याकडे वळल्या.

“वजन किती?”

“अडुसष्ट.”

“किती दिवस?”

“अकरा आठवडे.” ती खाली बघत म्हणाली. “काही केलं तरी हलत नाही हो.”

“काही केलं तरी?”

“काकडीसुद्धा खाल्ली.”

“वा!” मालकीणबाई म्हणाल्या. “पूर्वी तू सुट्टीवरून आलीस की दर वेळी मला शंका यायची. इतकं पक्कं माप मला कधी मिळालं नव्हतं. स्टूल तुझंच. आजपासून मीडियम म्हणजे अडुसष्ट. हलू द्यायचं नाही.”

ती घरी आली ती जवळजवळ पळतच. नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. त्या रात्री तिला अकरा आठवड्यांत लागली नव्हती तशी झोप लागली, आणि मुलीनेही मधे एकदाच उठवलं. त्याच आठवड्यात मुलगी रांगायला लागली, तीही अशी, की पाठ फिरवली की कचऱ्याच्या डब्यापाशी. तिला पकडायला घरभर धावाधाव सुरू झाली.

सोमवारी सकाळी ती सवयीने काट्यावर उभी राहिली. नवरा दात घासत मागून डोकावला आणि फेस उडवत ओरडला, “सदुसष्ट! अगं, सदुसष्ट! उतरलं!”

“हळू!” ती त्याच्यावर खेकसली. “सगळ्या गल्लीला सांगतोस का?”

ती तडक स्वयंपाकघरात गेली, स्टूल ओढलं, वरच्या फळीवरून किटलीमागचा लोण्याचा डबा काढला आणि टेबलावर आपटला. सासूबाई पाव कापत होत्या.

“अगं, आता उतरायला लागलंय, आणि आताच?” त्या म्हणाल्या.

“आई, नोकरीचा प्रश्न आहे. वाढा.”

सासूबाईंनी वाढलं. पावाचा जाड तुकडा, त्यावर लोणी, वर साखर, शेजारी दोन अंडी. आठ-नऊ महिने प्रत्येक ताटाशी तिचं भांडण चाललं होतं. आज तिने मुलीला मांडीवर घेतलं आणि खायला बसली. पहिला घास तोंडात विरघळला तसे तिचे डोळे भरून आले. नवऱ्याला वाटलं काही बिनसलं, म्हणून त्याने जवळ येऊन विचारलं.

“काही नाही,” ती भरल्या तोंडाने म्हणाली. “भूक लागली होती रे. केव्हाची लागली होती.”