राहून गेलेलं रडणं

रडण्याचीही स्पर्धा असते हे कॉलेजात जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे ती नसतेच. आमच्या सरांनी ती लोककला या प्रकारात घुसवली, आणि मी त्यात कशी सापडले हे सांगायचं तर आधी माझ्या खोलीतल्या मुलीचं सांगावं लागेल.

आमचं घर चिमूरचं. अब्बांचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. लग्न असो, भागवत असो, उरूस असो की निवडणुकीची सभा, भोंगे आमचेच. मी मात्र बी.ए.ला गडचिरोलीत, मुलींच्या होस्टेलात. माझ्या खोलीत कुरखेड्याकडच्या एका खेड्यातली मुलगी होती, धानाची शेती करणाऱ्यांच्या घरातली. ती बोलायची कमी आणि मी बोलायचे फार, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

त्या पावसाळ्यात तिची आई गेली. ऐन रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे चिखलात धानाची रोपं लावायची घाई सुरू असताना. नदीला पूर, एसटी बंद, आणि होस्टेलचा फोन पावसाळाभर मेलेलाच असायचा. निरोप पोचेपर्यंत तेरवी होऊन गेली होती. ती गावाला गेली आणि लगेच परतली. घरी कोण कोण होतं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "कोनीच नव्हतं. सारे रोवण्यावर गेल्ते." मग तिनं पेटी उघडली, कपडे लावले आणि मेस सुरू झाली का ते विचारलं.

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. आई मेल्यावर माणूस रडतं. मी आठवडाभर तिच्यावर डोळा ठेवून होते, की रात्री उशीत तरी रडते का. नाही. भात जेवायची, तास करायची, माझ्या बडबडीला हो-हो करायची. दगडासोबत राहतोय आपण, असं मी मेसमधल्या एका मुलीला बोलूनही दाखवलं.

दसऱ्यानंतर कॉलेजात ताणमुक्ती शिबिर झालं. नागपूरहून एक गुरुजी आले होते. पांढरा सदरा, टेपरेकॉर्डर आणि बासरीची कॅसेट. सभागृहात सतरंज्या टाकल्या होत्या. मुलामुलींनी ओळीनं बसायचं, डोळे मिटायचे, अंग सैल सोडायचं. पहिल्या दिवशी निम्मे पोट्टे झोपले आणि एक तर घोरायला लागला. दुसऱ्या दिवशी गुरुजी माइकवरून म्हणाले, "मनात जे साचलं आहे ते बाहेर येऊ द्या. अडवू नका." माझ्या मनात मेसच्या पातळ वरणाशिवाय काही साचलं नव्हतं. मी बसून राहिले.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. आधी मला वाटलं कॅसेट अडकली. मग शब्द कळले. "माय वो... अर्धा रोवणा टाकून गेली वो माय... धुऱ्यावर शिदोरी कोन आनंल वो माय..." लांब हेल काढून, सुरात. आणि काय होतंय हे कळायच्या आत माझ्या खोलीतल्या त्या मुलीनं माझ्या गळ्यात हात टाकले.

हातांचं काय करायचं ते मला कळेना. तिच्या पाठीवर ठेवू, की तिला सोडवू, की तसेच मांडीवर राहू देऊ. मागच्या ओळीतल्या खेड्यातल्या दोन मुली उठायला लागल्या होत्या, तेवढ्यात गुरुजी माइकवर गरजले, "कोणीही हलायचं नाही. डोळे उघडायचे नाहीत. तिला मोकळी होऊ द्या." त्या बिचाऱ्या अर्ध्या उठलेल्या पुन्हा खाली बसल्या. ती आणखी थोडं रडली, आणि मग आवाज एकाएकी बंद झाला. मोकळी वगैरे काही वाटली नाही मला ती. नळाला पाणी येता येता जावं, तसं झालं. गुरुजींनी मात्र हीच ती मुक्ती म्हणून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत आमचे सांस्कृतिक विभागाचे सर होते. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण युवक महोत्सव जवळ आला की त्यांना जिथे तिथे बक्षिसं दिसायची. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. म्हणाले, "हे आपल्या झाडीपट्टीचं लोकधन आहे. शोकगीत. अजून कोणी स्टेजवर आणलं नाही. दोन कलाकार, पाच मिनिटं. ही रडेल, तू गळ्यात पडायचं."

मी तोंड उघडून नाही म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, "चालते जी सर."

माझा गोंधळ तिथून सुरू झाला. जी मुलगी खोलीत एक टिपूस गाळत नाही, ती माइकसमोर रडायला इतक्या सहज तयार कशी होते? सर्टिफिकेटसाठी? चिमूर बघायला? महोत्सव त्या वर्षी चिमूरच्या एका कॉलेजात होता. मी विचारलं तर म्हणाली, "पाहू."

तालमी म्हणजे तर निव्वळ थट्टा होती. सरांनी कुठून तरी एक मडकं आणि सूप आणून ठेवलं, कारण स्टेज रिकामं दिसतं. मी उजव्या खांद्यावर पडायचं, म्हणजे परीक्षकांना तिचं तोंड दिसेल. ती तालमीत रडायचीच नाही. नुसते शब्द सांगायची, वाणसामान सांगावं तसे. सर वैतागायचे. "अगं, भाव कुठी आहे?" ती म्हणायची, "त्या दिवशी येते जी." सर माझ्याकडे बघायचे आणि मी छताकडे.

चिमूरला जाताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. वाटेत मी सरळ विचारलं, हे सगळं तू काऊन करून राह्यली म्हणून. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मायचं रडणं राह्यलं माह्यं."

मला कळलं नाही. मग तिनं समजावून सांगितलं. त्यांच्यात एकटीनं रडत नाहीत. एकीनं हेल काढला की दुसरीनं गळ्यात पडावंच लागतं, नाही तर ते रडणं धरत नाही. ती घरी पोचली तेव्हा सगळ्या बाया चिखलात होत्या. संध्याकाळी आल्या त्या थकून, आणि तेरवी झाल्यावर घरात पुन्हा हेल काढत नाहीत. रोवणं काही कोणासाठी थांबत नाही. कोणाची चूक नव्हती.

"म्हणून स्टेजवर रडशील?"

"मंग कुठी रडू? गावात झालं सारं. होस्टेलात रेक्टर मॅडम धावत येते. शिबिरात त्यानं कोनाले उठू नाई देलं. इथी तं सरच म्हणते रड म्हणून." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू फकस्त बराबर पडजो गळ्यात. तू आवाज देला त होते माह्यं."

तेव्हा मला खरी भीती वाटली. आमच्या घरात मय्यतीला आवाज चढवून रडत नाहीत. दादी गेली तेव्हा मी हुंदका दिला, तर अब्बांच्या बहिणीनं, माझ्या फुफीनं, मला आतल्या खोलीत नेऊन समजावलं होतं, आसवं गाळ पण आवाज नको, सब्र कर. मला हेल काढून रडता येत नव्हतं, आणि हिचं आईचं रडणं माझ्या गळ्यावर टांगलेलं. त्यात भर म्हणजे महोत्सवाचा माइक अब्बांचा होता.

सभागृहात शिरले तर अब्बा स्टेजच्या कडेला मशीनपाशी बसलेले. मला बघून खूश झाले, घरून डबा आणला होता. काय करणार आहेस म्हणून विचारलं. मी म्हटलं, लोककला. रडणार आहे म्हणून कसं सांगणार होते?

दुपारी जेवणं झाल्यावर आमचा नंबर आला. समोर परीक्षक, त्यांच्यापुढे घंटी. स्टेजवर मडकं आणि सूप. ती डोक्यावरून पदर घेऊन बसली, अब्बांचं मशीन दिसेल अशी, आणि मी तिच्या उजव्या बाजूला. तिनं हेल काढला.

"माय वो... अर्धा रोवणा टाकून गेली वो माय..."

मी ठरल्याप्रमाणे गळ्यात पडले. आवाज द्यायला तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला. घशातून जे निघालं ते खोकल्यासारखं होतं. तिनं वाट पाहिली. तिचं वाट पाहणं माझ्या खांद्याला कळत होतं. तिनं दुसऱ्यांदा हेल काढला, तो आधीपेक्षा बारीक, आणि मधेच थांबली. पुढे कोणी तरी खुदकन हसलं. मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि मनात म्हटलं, या अल्ला, हिचं रडणं गेलं.

मग चपलांचा आवाज आला. डोळे उघडून बघते तर मधल्या वाटेनं एक म्हातारी बाई येत होती, हाताला कोपरापर्यंत पीठ. महोत्सवाच्या जेवणासाठी पोळ्या लाटायला गावातल्या बाया लावल्या होत्या. काम आटोपून त्या मागच्या दाराशी टेकून बसल्या होत्या, त्यातली ही. पायऱ्यांशी तिनं चपला काढल्या, वर आली, मला हातानं थोडं बाजूला सारलं आणि तिच्या गळ्यात पडली.

"माये वो... लेकीले न भेटता गेली वो माये..."

त्या पोरीचं कोण गेलंय हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं आपलं शब्दांवरून ओळखलं असेल. तिच्यामागून आणखी दोघी आल्या, त्याही पिठाच्या हातांनी. एक मडक्याला अडखळली, मडकं घरंगळत गेलं. आता मात्र त्या पोरीनं जो आवाज सोडला, तसा मी आधी कधी ऐकला नव्हता. पाच मिनिटांची घंटी वाजली. पुन्हा वाजली. विंगेतून सर हात हलवत होते, या बायांना खाली घ्या म्हणून. आणि एकदम सगळं दूर गेल्यासारखं झालं. रडणं चालूच होतं, पण भोंग्यांतून येणं बंद झालं होतं. माइक गेला होता. आता ते फक्त आमचं आमच्यात होतं.

मी कधी रडायला लागले ते मला माहीत नाही. कोणासाठी, तेही नाही.

जसं सुरू झालं तसं ते थांबलं. म्हातारीनं पदरानं नाक पुसलं, त्या पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तेव्हा कुठे विचारलं, "कोन गेलं व बाई?"

"माय."

"कवा?"

"रोवण्यात."

बायांनी माना हलवल्या. रोवण्यात म्हटल्यावर त्यांना सगळं कळलं. मग म्हातारीची नजर माझ्याकडे वळली. "अन् तुह्यं?"

मी म्हटलं, कोणीच नाही. तिनं माझे डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. "राहू दे," म्हणाली. "रडलेलं पडते कामी."

आम्ही बाद झालो. दोन कलाकारांच्या जागी पाच, वेळ जास्त. सरांनी राग अब्बांवर काढला, ऐन वेळी तुमचा माइक गेला, नाही तर परीक्षकांवर परिणाम झाला असता. अब्बा म्हणाले, वायर निघाली होती. मला नवल वाटलं. अब्बांची वायर कधी निघालेली मी पाहिली नव्हती. वादळात मंडप उडाला तरी त्यांचा माइक बोलत राहायचा. पण ते वायर गुंडाळत होते, माझ्याकडे बघत नव्हते, आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, आपली मुलगी स्टेजवर हंबरडा फोडते याची त्यांना लाज वाटली असेल. पुढे बरीच वर्षं मी तसंच धरून चालले.

परतीच्या एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, गडचिरोली येईपर्यंत. त्यानंतर ती थोडी जास्त बोलायला लागली, एवढाच फरक.

अब्बा गेले तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. घर बायकांनी भरलं होतं, पण आवाज नव्हता. कोणी कुराण वाचत होतं, कोणी तस्बीहचे मणी ओढत होतं. मी फुफीजवळ बसले होते आणि मला रडू येत नव्हतं. काय झालंय मला, ते कळत नव्हतं. इतक्यात दारात ती उभी. कुरखेड्याहून एसटी बदलत आलेली. तिनं कोणाला काही विचारलं नाही, चपला काढल्या, सरळ आली आणि माझ्या गळ्यात पडली. फुफीनं काही म्हणायला तोंड उघडलं, आणि सरकून तिला जागा दिली.

"बाबा वो..." तिनं हेल काढला, आमच्या त्या गप्प घरात, "लेकीचं रडणं लोकाईले ऐकू जाऊ नाई म्हणून आता माइक कोन बंद करंल वो बाबा..."