गोलपुढची भेग

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही सलीमला ओळखत नाही — आणि त्याला ओळखणाऱ्या माणसाला सांगायची हिंमत माझ्यात नाही.

अमरावतीत आमच्या विद्यापीठाचं फुटबॉल स्टेडियम होतं. नाव मोठं, एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या आणि खाली काळी माती. पाऊस उघडला की मैदान भेगाळायचं, घोट्यापर्यंत पाय जाईल असं. आम्ही पोरंच घमेल्यांनी मुरूम टाकून त्या भेगा बुजवायचो. गोलपुढच्या भेगा मात्र राखीव गोलकीपरनं बुजवायच्या, असा रिवाज. म्हणजे मी. पहिला गोलकीपर सलीम, अंजनगाव सुर्जीचा. तो माझ्यापेक्षा चांगला होता — हे मला तेव्हाही माहीत होतं.

कापसाला भाव नसायचा, ती वर्षं. घरी सगळे एकच म्हणत, शेतात येऊ नको. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची आशा होती. आमच्या कॉलेजातून गोलकीपर एकच घेणार होते.

निवडीच्या सामन्याच्या सकाळी मी भेगा बुजवत होतो. शेवटची एक उरली, डाव्या खांबाजवळची. मुरूम संपला होता. संपला होता का? — नाही. ढीग तिथंच होता, मैदानाच्या कडेला. मी भेगेवर वाळलेलं गवत पसरलं आणि वरून चुन्याच्या फक्कीची रेघ ओढली. चांगली सरळ आली.

सलीमनं विचारलं, "सब भरल्या ना बे?"

"भरल्या," मी म्हणालो.

मग पायरीवर जाऊन बसलो. ओरडून सांगता आलं नसतं का? अर्धा खेळ होईपर्यंत वेळ होता माझ्याकडे — मी तो नुसता बसून काढला. सलीम डावीकडे झेपावायला गेला, पाय आत अडकला, गुडघा फिरला. त्याची किंकाळी ऐकून मला काय वाटलं? आधी भीती. आणि भीतीच्या खाली — लिहायची लाज वाटते — आता मी खेळणार, हे. मुरूम खचला असेल, असं सगळे म्हणाले. मी हातमोजे चढवले. तेही त्याचेच.

निवड माझी झाली. अकोल्यात नोकरी लागली, घर सावरलं. सलीम गावी भावाच्या दुकानात बसू लागला. अजून लंगडतो.

मागच्या हिवाळ्यात तो त्याच स्टेडियमवर भेटला. आता तिथं हिरवळ आहे. मुलीला घेऊन आला होता, तीही गोलकीपर. तिला म्हणाला, "बेटा, पायाखाली पाहून खेळजो. मी नाई पाह्यलं, मनून गुडघा गेला." मग माझ्याकडे वळला. "सांग ना इले. तू तं होता तिथं."

मी तिच्याकडे पाहिलं.

"हो बेटा," मी म्हणालो, "पाहून खेळजो."