परमिटातली अट

काचेच्या पट्टीवर नमुना घेतला की आमचा मिस्त्री आधी आमच्याकडे पाठ करायचा. मग पट्टी उजेडाला धरायची, अंगठा आणि बोट यांच्यात थेंब घेऊन तार ताणायची, आणि हे सगळं पाठीआड. मी मान लांब केली की वळूनही न बघता म्हणायचा, "काय बघतो रं भोपळ्या? चहा सांग जा."

साखर कारखान्यात पॅन म्हणजे बंद तोंडाचं मोठं भांडं. त्यात उसाचा घट्ट रस आटवत न्यायचा आणि नेमक्या वेळी साखरेचा दाणा धरायचा. घरी बायका पाकाची तार बघतात तसंच, फक्त इथं चूक झाली तर अख्खं पॅन वाया जातं. ती वेळ ओळखणारा तो पॅनमन. आम्ही त्याला मिस्त्री म्हणायचो. इथं मी त्याला अरे-तुरे करतोय ते जाणूनबुजून. तोंडावर जन्मभर अहो-जाहो केलं, तेवढं पुष्कळ झालं.

मी त्याचा मदतनीस. नेमका दाणा धरायच्या वेळी मिस्त्रीला चहाची तल्लफ यायची. मी कँटीनहून येईपर्यंत दाणा धरलेला असायचा, आणि आणलेला चहा तो प्यायचाच असंही नाही. हंगामामागून हंगाम गेले. माझ्याबरोबर लागलेली पोरं फिटर झाली, वेल्डर झाली. मी भोपळ्याच राहिलो.

त्याचा स्वतःचा जावई त्याच्या हाताखाली आला, त्यालाही त्यानं चहालाच पिटाळलं. जावई चिडून निघून गेला आणि टेम्पो चालवायला लागला. मुलगी सणालाही माहेरी येईना. मिस्त्रीला त्याचं काही नाही. म्हणायचा, "शिकवलं की संपलं. उद्या त्यो माज्याच जागंवर बसंल."

तुमच्याही कामावर असा एखादा भेटला असेल. लोक अशांना गुणी माणूस म्हणतात. त्यांच्या हाताखाली राबलेल्यांना विचारा.

नव्वद सालानंतर दोन-चार वर्षांनी आफ्रिकेतल्या एका साखर कारखान्यातून पॅनमनची मागणी आली. आमच्यातला एक फिटर आधीच तिकडे होता, त्यानं मिस्त्रीचं नाव सुचवलं. मिस्त्रीला जायचं होतं ते विहिरीसाठी. घोडेगावजवळ त्याचं रान होतं आणि पाणी भावाच्या विहिरीचं, पाळीनं मिळणारं. भावाशी बोलणं बंद. पाणी सोडायचं तर तिसऱ्या माणसाकरवी निरोप धाडावा लागे. स्वतःची विहीर झाली की कोणाचं तोंड बघायला नको, एवढंच त्याचं स्वप्न.

पासपोर्ट आला. मग त्या देशाच्या वर्क परमिटचा अर्ज आला, इंग्रजीत. मी बारावी झालेला, म्हणून मिस्त्री पहिल्यांदा देवळालीला माझ्या घरी आला. आईनं चहा ठेवला. मी अर्ज वाचून सांगायला लागलो आणि एका ठिकाणी मला हसू आवरेना.

"दात काय काढतो? वाच."

"मिस्त्री, ह्यात अट हाय. बाहेरच्याला काम देत्यात, पन त्यानं तितल्या मानसाला शिकवायचं. त्यो शिकला की तुमचं परमिट संपलं. आन् हितं बी कुनाला तरी शिकवल्याचा दाखला जोडायचा हाय."

त्यानं कपाकडं नेलेला हात मागं घेतला. "परक्याला शिकवायचं?"

"व्हय."

"म्हंजी आपल्या हातानं आपल्या पाटावर दुसरा बसवायचा. ह्ये कसलं गाढवाचं सरकार." चहा तसाच टाकून तो उठून गेला. आईनं विचारलं, कोण रे हा उर्मट माणूस. मी म्हणालो, माझा गुरू.

दुसऱ्या दिवशी पॅनपाशी, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "लिही. तुला शिकवलं म्हनून लिही आन् सही कर."

"मला कुटं शिकवलं?"

"मंग?"

"एक पॅन दावा. माज्यासमोर, पाठ न करता. लगेच लिहितो."

मला वाटलं, आता तरी. विहीर त्या एका पॅनवर अडली होती आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मिस्त्रीनं पट्टी पुसली, नमुना घेतला, माझ्याकडं बघितलं. मग वळला आणि म्हणाला, "चहा सांग जा."

तरी मी दाखला लिहिला. दया आली म्हणून नव्हे, ही ब्याद एकदाची समुद्रापार जावी म्हणून. मला येत होतं तेवढ्या चांगल्या इंग्रजीत लिहिलं की या माणसानं मला हातचं काही न राखता सगळं शिकवलं. परमिट आलं. नगरच्या स्टँडवर त्याला सोडायला मी गेलो नाही.

पॅन माझ्याकडे आलं आणि मी ते धडाधड नासवायला लागलो. केमिस्ट साहेब रोज हजेरी घ्यायचे. बोटं भाजली, झोप उडाली, आणि प्रत्येक नासलेल्या पॅनला मी मिस्त्रीचा उद्धार केला. दुसऱ्या हंगामात कुठं हात बसला.

त्याच सुमाराला तो आफ्रिकेतला फिटर सुट्टीवर आला. कौतुकानं सांगायला लागला, "मिस्त्री तितं लई बदलला गड्या. एका मानसाला शिकवतोय. त्याचा अंगठा धरून तार दावतो. त्यो गडी आता मराठीत म्हनतो, तार आली मिस्त्री. रातच्याला त्याच्या घरी जाऊन बी समजावतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जावई नाही, मी नाही, आणि ज्याची भाषा कळत नाही त्याचा अंगठा धरतो. फिटरच्या हातातला पेढा मी घेतला नाही.

थोड्याच महिन्यांत मिस्त्री परत आल्याचं कळलं. तिकडचा माणूस तयार झाला होता, मुदतीच्या आतच परमिट संपलं होतं. मी रजा टाकली आणि भांडायलाच घोडेगावला गेलो. तो रानात होता. वाळला होता. शेजारी विहिरीचा खड्डा, पुरुषभर खोल आणि कोरडा. तेवढ्यावरच पैसे संपले होते.

मी रामराम केला नाही. म्हणालो, "मिस्त्री, त्याला शिकवलं. मला का न्हाई?"

त्यानं उगीच ऐकू न आल्यासारखं केलं नाही. म्हणाला, "तितं कुनी बोलाया न्हाई. भाकर न्हाई. सांज झाली की खोलीच्या भिताडाकडं बघत बसायचं. त्यो जितक्या लवकर शिकंल तितक्या लवकर मी घरी. त्याला शिकवलं म्हनून मला घरी येता आलं. तुला शिकवलं असतं तर मी कुटं गेलो असतो?"

उत्तर खरं होतं, आणि त्या खड्ड्याकडं बघितलं की त्याची किंमतही दिसत होती. मला त्याची कीव आली, हेही सांगून टाकतो. राग मात्र तसूभर कमी झाला नाही.

मी निघालो तेव्हा तो म्हणाला, "भाकर खाऊन जा."

"भूक न्हाई," मी म्हणालो.

पुढच्या हंगामात तो वारल्याचं कळलं, तेव्हा गाळप ऐन भरात होतं आणि मी पॅन सोडून जाऊ शकलो नाही. घोडेगावला गेलो त्या दिवशी मला भूक होती, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पण त्याच्या हातची भाकर खाल्ली असती तर राग तिथंच ठेवून यावं लागलं असतं. आणि त्या माणसाकडून मला मिळालेलं तेवढंच होतं.