नरकाला नावं ठेवणारी जया

जया रामटेके नागपूरहून ओटावाला आली तेव्हा तिचा नरकाशी काही संबंध नव्हता. हाताशी इंजिनियरिंगची डिग्री होती, नवरा राजरत्न सरकारी खात्यात कॉम्प्युटर सांभाळायचा आणि मुलगी कोमल शाळेत जाऊन फक्त इंग्लिशमध्ये भांडायला शिकत होती. २००८ मध्ये जयाला ओटावाच्याच कनाटा भागातल्या एका छोट्या गेम कंपनीत टेस्टरची नोकरी लागली. म्हणजे दिवसभर गेम खेळायचा आणि कुठे काय बिघडलंय ते सांगायचं. दुसऱ्याच्या कामातल्या खोडी काढायचा पगार मिळतो हे ऐकून राजरत्न म्हणाला, "ही पोस्ट तुझ्यासाठीच काढलेली दिसते."

गेम भयानक होता, निदान व्हायचा बेत होता. हिरो सात दरवाजे ओलांडून पाताळात उतरतो, एवढीच गोष्ट. ती लिहिणारा ट्रेव्हर उन्हाळ्यातही काळे कपडे घालायचा, नखांना काळा रंग लावायचा आणि कोळी दिसला की खुर्चीवर चढायचा. त्याने पहिल्या दाराचं नाव ठेवलं होतं गेट ऑफ डूम, दुसऱ्याचं गेट ऑफ इटर्नल डूम आणि तिसऱ्याचं डूमगेट.

"ट्रेव्हर," जया म्हणाली, "मी एका डूममध्ये शिरते आणि भलत्याच डूममध्ये निघते. बग कोडमध्ये नाही, तुझ्या नावांमध्ये आहे."

ट्रेव्हर वैतागला. "मग यू नेम देम! यू पीपल मस्ट हॅव अमेझिंग हेल्स!"

'यू पीपल' ऐकून जयाच्या कपाळाला आठी पडली, पण तेवढ्यात ऑफिसच्या किचनमधलं सिंक तुंबलं. पाणी साचलेलं बघून ती सवयीने पुटपुटली, "घ्या, मोरी तुंबली."

ट्रेव्हर गर्रकन वळला. "मोरी? लॅटिनमध्ये त्याचा डेथशी संबंध आहे! जया, दॅट्स ब्रिलियंट!"

मोरी म्हणजे काय ते सांगायला जयाने तोंड उघडलं, पण तोवर त्याने पहिल्या दारावर पाटी चढवलीसुद्धा.

मग तिला चटक लागली. 'उंबरठा' तिने अगदी प्रामाणिकपणे दिलं. त्यातल्या 'उंबर'मध्येही ट्रेव्हरला सावलीसाठीचा लॅटिन शब्द सापडला. 'भगदाड' मात्र बाद झालं. ऐकताना युद्धामुळे गाजत असलेल्या एका शहराची आठवण येते, उगाच लफडं नको, असं तो म्हणाला. त्याजागी 'खिंडार' बसलं. अशी सहा दारं झाली. उरलं सातवं, सगळ्यांत भीषण. त्या दिवशी जयाच्या अंगात काय संचारलं कोण जाणे.

"परसाकडे," ती म्हणाली.

ट्रेव्हरने डोळे मिटून तो शब्द जिभेवर घोळवला. "पाऽरसाकाऽडे..." आणि बाही वर करून अंगावर आलेला काटा दाखवला. पुढच्या आठवड्यात एका घोगऱ्या आवाजाच्या नटाने रेकॉर्डिंग केलं: परसाकडेची हाक आली की कुणाचीही सुटका नाही. यात खोटं काहीच नव्हतं. जया वॉशरूममध्ये जाऊन पोट धरून हसून आली.

गेम बाजारात आला, बरा चालला. एके दुपारी ट्रेव्हरने तिच्या हातात फोन दिला. "कुणीतरी चिडलंय. तुझ्या लँग्वेजबद्दल बोलतोय."

"मी मिल्टनहून हेमचंद्र देवस्थळी बोलतोय," पलीकडून आवाज आला. "आमचा शंतनु बेसमेंटमध्ये तुमचा गेम खेळत होता. वर पाहुणे जेवत होते. आणि खालून एक राक्षस ओरडतोय, परसाकडे! परसाकडे! ही नावं कुणी दिली?"

"मी."

"तुम्ही मराठी? मग अर्थ माहीत नाही का तुम्हाला?"

"माहीत आहे म्हणून तर दिली."

"अहो, आपल्या पुराणांत अठ्ठावीस नरक आहेत! नावांसकट! त्यांतलं एखादं घ्यायचं!"

"ते तुमच्याकडे, काका. आम्ही बौद्ध. आमच्या घरातला नरक छप्पन्न सालीच बंद झाला. स्वर्गालाही तेव्हाच कुलूप लागलं."

मग देवस्थळ्यांनी आवाज खाली आणला. "ते असू दे. ते खिंडार ओलांडायचं कसं? शंतनु झोपला की मी बसतो जरा. दोन आठवडे तिथेच अडकलोय."

"डावीकडची मशाल विझवा," जया म्हणाली. त्यांनी थँक्यू म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणत होता?" ट्रेव्हरने विचारलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. जयाने मोरीपासून परसाकडेपर्यंत सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं तो हसेल. ट्रेव्हरचा चेहरा पडला.

"वर्षभर तू मला हसत होतीस," एवढंच बोलून तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

जयाला दिवसभर चुटपुट लागून राहिली. संध्याकाळी तिने नागपूरला आईला, शोभाताईंना, फोन लावला. आई तरी हसेल म्हणून सगळा किस्सा रंगवून सांगितला. आई हसली नाही.

"हासतेस काय वं?" शोभाताई म्हणाल्या. "लगन होऊन खेड्यात आली तवा अंधार असताना बायांसंग जावं लागे. पायाखाली साप. रस्त्यानं एखादा मानूस आला का समद्या उठून उभ्या. अन् दिवसा पोटात कळ आली त दात-ओठ खाऊन बसाचं. त्या वाटेचं मले जेवढं भेव वाटे, तेवढं भुताचंबी नाही वाटलं. तू नाव बरोबर ठेवलं."

दुसऱ्या दिवशी जयाने ट्रेव्हरची माफी मागितली आणि आईचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

"आपल्या अख्ख्या गेममध्ये इतकं स्केअरी काही नाही," तो म्हणाला. "नाव राहील." मग त्याने विचारलं, "त्या बायका सोबत काय न्यायच्या?"

"टमरेल. पाण्याचा डबा."

"टमरेल!" त्याचे डोळे पुन्हा लकाकले. "एखाद्या एंजलचं नाव वाटतं!"

गेमच्या नव्या आवृत्तीत तलवार चालेनाशी झाली. सातव्या दारातून जायचं तर हिरोला हातात पाण्याने भरलेलं टमरेल घेऊन, खाली मान घालून, पाऊल न वाजवता जावं लागे. दगडांमागे कुणीतरी उभं असे. ते कोण, हे शेवटपर्यंत दिसत नसे. एरवी राक्षसांना हसणारी कोमलसुद्धा तिथे आईचा हात धरायची.

२०१० च्या उन्हाळ्यात शोभाताई ओटावाला आल्या. कोमलने त्यांना बेसमेंटमध्ये नेऊन कॉम्प्युटरसमोर बसवलं. "आजी, वॉच धिस!" दार करकरलं, तो घोगरा आवाज घुमला आणि हिरो टमरेल घेऊन निघाला. शोभाताई पुढे वाकून टक लावून बघत राहिल्या. जयाला धाकधूक वाटू लागली.

"येवढ्याशा पान्यात काय होते बाप्पा त्याचं?" शोभाताई म्हणाल्या. "मोठ्ठा डबा घे म्हना त्याले."

जया जिन्यावरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "व्हॉट डिड शी से?" कोमल विचारत होती. शोभाताईंनी चष्मा नीट केला, खुर्ची पुढे ओढली आणि नातीच्या हातातला माउस आपल्या हातात घेतला.

"सरक वं पोरी. पाहू त, आत काय हाये."