पॅरिश कौन्सिलची रिकामी खुर्ची

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मध्येच हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही. कारण माझी जी फजिती झाली ना, ती निव्वळ चांगल्या वळणापायी झाली.

मी भूलतज्ज्ञ. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात जन्म काढला, राहायला मात्र बाहेर एका खेड्यात. अंधारात निघायचं, अंधारात परतायचं. गावाने मला पाहिलं ते गाडीच्या काचेतून. मग रिटायर झाले, हे गेले, मुलगी ग्लासगोला. एवढ्या घरात मी आणि माझी केटल. कुणीतरी हक्काने हाक मारावी, एवढंच वाटायचं हो.

अशात कळलं की पॅरिश कौन्सिलमध्ये एक जागा रिकामी आहे. पॅरिश कौन्सिल म्हणजे आपली ग्रामपंचायतच. रस्ते काउंटीकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्याकडे, कचरा डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे तालुक्याकडे, आणि गावाच्या वाट्याला बाकं, बसथांबा आणि दफनभूमी! पण माझे वडील सरपंच होते ना, माझ्या अंगात आलं. लायब्ररीतून काउंटीच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ आणला. पूर्वी म्हणे चर्चमधल्या बैठकीतच गावचा कारभार चाले, आणि रस्ता खचला की गावकरीच त्यावर खडी टाकत. वाचता वाचता मला आमच्या मारुतीच्या देवळाचा पार दिसायला लागला. तिथे बसलेली सगळी माणसं दिसायला लागली. त्यातलं आता कुणी नाही.

शेजारची मार्गारेट कौन्सिलची चेअर, म्हणजे अध्यक्ष. तिने कुंपणावरून विचारलं होतं, येशील का आमच्यात? मी म्हटलं, मीटिंगला तर येते, बघू. निवडणूक वगैरे भानगड नव्हती. दुसरा कुणी इच्छुकच नव्हता, सभासदांनी हात वर केले की झालं. मी सिल्कची साडी नेसले, वर कोट चढवला आणि व्हिलेज हॉलमध्ये जाऊन बसले.

मार्गारेटने सगळ्यांसमोर विचारलं, "डॉक्टर, ही जागा तुम्ही घ्याल का?"

आता तुम्हीच सांगा, भरल्या सभेत कुणी लगेच हो म्हणतं का? वडिलांना सरपंच व्हा म्हणायला लोक आले, तेव्हा ते दोनदा नाही म्हणाले होते. तिसऱ्यांदा लोकांनी हाताला धरलं, तेव्हा "तुम्ही म्हणताच आहात तर" म्हणत उठले. सदरा सकाळीच इस्त्री करून ठेवला होता, ती गोष्ट वेगळी.

तर मी मान खाली घालून म्हटलं, "नो, नो, मी कुठली! माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत गावात."

"ऑफ कोर्स, आम्ही समजू शकतो," मार्गारेट म्हणाली. आणि पुढचा विषय घेतला. कुत्र्यांच्या घाणीचा डबा कुठे ठेवायचा!

मी वाट बघत बसले. डब्यानंतर विचारतील. बाकांच्या रंगानंतर विचारतील. शेवटी त्यांनी गावात नव्यानेच राहायला आलेल्या एका गृहस्थाला विचारलं. तो म्हणाला, "बरं, चालेल." झालं, खुर्ची गेली. इतका उघड होकार मी जन्मात ऐकला नव्हता.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. गावात पसरलं की डॉक्टरना शांतता हवी असते, त्यांना त्रास द्यायचा नाही. तेही मायेपोटी बरं का. गावच्या रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटं विकणारे माझं फाटक टाळून जाऊ लागले. सुगीच्या जेवणाला अख्खं गाव गेलं, मला कुणी विचारलंच नाही. हॉलमधलं हसणं माझ्या खिडकीपर्यंत ऐकू येत होतं. रडले मी, खोटं कशाला बोलू?

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, तुझा चूक आहे. तू नो बोललीस. इकडे नो म्हणजे नो." तिचं व्याकरण चुकलं होतं, बाकी सगळं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी लाज गुंडाळून ठेवून मार्गारेटचं दार वाजवलं आणि आमच्याकडची सगळी रीत समजावून सांगितली.

"म्हणजे तुला यायचं होतं?" तिने विचारलं.

"खूप."

बिचारी कावरीबावरी झाली. मग म्हणाली, "मी किती वेळा विचारायला हवं होतं?"

"तीनदा."

खुर्ची तर गेली होती. पण एक काम शिल्लक होतं, गावात कुणीच घेत नव्हतं. पिवळंजर्द जाकीट घालून वळणावर उभं राहायचं आणि भरधाव गाड्यांचा वेग मशीनने मोजायचा. पावसातसुद्धा. करशील का, म्हणाली.

माझे गुडघे हे असे! मी मनापासून म्हटलं, "नको गं."

मार्गारेटने एक बोट दुमडलं आणि पुन्हा विचारलं.

"अगं, खरंच नको."

तिने दुसरं बोट दुमडलं. तिला वाटलं, मी रीत पाळतेय. मग तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "प्लीज. आम्हाला तूच हवी आहेस."

तर सध्या मी ते जाकीट घालून पावसात उभी असते. खरं सांगू? तिसऱ्यांदाही नाहीच म्हणायचं होतं मला, अगदी ओठावर आलं होतं. पण चौथ्यांदा कुणी विचारलंच नसतं तर?