फडक्यावरचा काळा डाग

चिखलीतला आमचा मेकॅनिक मुळात कमी बोलणारा. कुठलीही गाडी आली की आधी ब्रेक ऑइलचं झाकण उघडतो, बोट बुडवून पांढऱ्या फडक्याला पुसतो आणि फडकं मालकापुढे धरतो. माझ्या गाडीचा डाग तीन वर्षं काळाच.

"सर, दोन वर्षांत पूर्ण बदलाच लागते. जुनं ऑइल पानी धरते. घाटात तापलं का ब्रेक लागत नाही."

"पुढच्या खेपेला बघू. सध्या वरून थोडं टाका," मी दर वेळी म्हणायचो.

काल त्यानं बोट पुसलं, पण फडकं दाखवलं नाही. झाकण लावून बाकावर बसला.

"आज काही बोलला नाहीत, भाऊ?"

"थकलो, सर. आता घाटच सांगन तुमाले."

"पूर्ण बदलूनच टाका," म्हणत मी किल्ली त्याच्या शेजारी ठेवली. ती उचलायलाही त्यानं बराच वेळ लावला.