दारावरची जेलरबाई

खरं तर ती जेलर नव्हतीच. बायकांच्या तुरुंगात साधी पहारेकरीण होती. कोठड्यांना कुलपं लावायची, नव्या आलेल्या बाईची झडती घ्यायची. पण आत असताना आम्हाला कुणाच्या हुद्द्याशी काय देणंघेणं? जिच्या कमरेला किल्ल्या ती जेलरबाई. चोरीच्या गुन्ह्यात मी तिच्या हाताखाली बरीच वर्षं काढली आणि तिच्याविषयी एकही गोड आठवण घेऊन बाहेर पडले नाही. ती मारायची नाही, शिव्याही द्यायची नाही. पण कुणाच्या तोंडाकडे बघायची नाही. नजर कायम हातांवर. हातात काय आहे, हात कुठे चाललाय, बोटं थरथरतायत का. रस्त्यात भेटले तर ही मला पंजे बघून ओळखेल, असं मी मैत्रिणींना म्हणायचे.

सुटले तेव्हा सख्ख्या भावाने मला दारातसुद्धा उभं केलं नाही. खिडकीतूनच म्हणाला, "घरात वयात आलेल्या मुली आहेत गं, समजून घे." घेतलं समजून. मग कुणीतरी या चर्चचा पत्ता दिला. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला बंद पडलेला छापखाना, समोर लाँड्री. आत बंद शाळेतून आणलेले बाक, त्यांवर पोरांनी कोरलेल्या शिव्या अजून वाचता येतात. आमचे पाळक काटकुळे, सदा खोकणारे, वर्षभर एकाच स्वेटरमध्ये. आणि मंडळी म्हणाल तर धंदा सोडलेल्या आणि न सोडलेल्या बाया, नशेतून बाहेर पडू बघणारे, कागदपत्रं नसलेले मजूर, फुटपाथवर झोपणारे. शिवाय एक उंच बाई. ती जन्मली मुलगा म्हणून, पण तिच्याइतका गोड गळा आमच्यात दुसऱ्या कुणाचा नव्हता. भल्या वस्तीतले लोक आम्हाला भंगाराचं चर्च म्हणायचे. पाळकांनी दाराला एकच नियम लावला होता. येणाऱ्याला काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, आधी कुठे होतास तेही नाही. त्याचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, या, बसा.

मी तिथे सूप करायला लागले. एका रविवारी भांडं घेऊन बाहेर येते तो काय, शेवटच्या बाकावर जेलरबाई! माझ्या हातातला डाव खाली पडला. तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग मला नंबराने हाक मारली. माझं नाव तिला ठाऊकच नव्हतं.

"इथे कुणाला धरायला आलात?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"कुणाला नाही," ती म्हणाली. "मोठ्या चर्चमध्ये जात होते. नोकरी काय करत होतात, असं विचारलं. सांगितलं. त्यानंतर माझ्या बाकावर कुणी बसेना."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. हिच्या हाताखाली आम्ही कोंडलेल्या होतो, आणि हिलाही बाहेर कुणी जवळ करत नव्हतं. बाईने लग्न केलेलं नव्हतं. धाकट्या भावाच्या घरात जिन्याखालच्या खोलीत राहायची. वहिनी जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. वर्षानुवर्षं किल्ल्यांचं ओझं वाहून तिची कंबर एका बाजूला झुकली होती, चालताना वाटायचं की किल्ल्या अजून तिथेच आहेत.

पाळकांनी तिलाच दारावर उभं केलं. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, "अहो, जिने जन्मभर दारं लावली तिला तुम्ही दार उघडायला ठेवता?" पाळक खोकले आणि हसले. पण त्यांचं खरं ठरलं, हे मला कबूल करायलाच हवं. सुरुवातीला ती नुसती खांबासारखी उभी राहायची. समोरच्याचा हात हातात घेतला की तिचा अंगठा आपोआप त्याच्या बाहीत काही आहे का ते चाचपायचा, आणि मग तिचं तिलाच लक्षात येऊन ती गोरीमोरी व्हायची. हळूहळू तिने मान वर केली. लोकांच्या तोंडाकडे बघायला शिकली, ती या वयात. उंच बाईला तर ती दोन्ही हातांनी धरून आत आणायची. एकदा मला म्हणाली, "तुझे डोळे घारे आहेत, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं." मी म्हटलं, "मलाही तुमचे दात आहेत हे आज कळलं." तेव्हा ती हसली होती.

शिवणवाली आमच्याकडे आली ती कपड्याच्या एका पिशवीसकट. नाव कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. चर्चच्या पडद्यांना, लोकांच्या फाटक्या कोटांना तिने हात लावला आणि सगळ्यांना कळलं की ही जन्मभर मशीनवर बसलेली आहे. समोर कुणी उभं राहिलं की बोलता बोलता त्याच्या कपड्याची कड चिमटीत धरून टाके तपासायची. वेदीमागच्या लहान खोलीत तिला मशीन मांडून दिलं, ती तिथेच झोपायची. मानेवर जुने डाग होते, ते आम्ही पाहिले आणि गप्प बसलो. नवऱ्याच्या तावडीतून पळालेली आहे, एवढं ती एकदा मला आणि जेलरबाईला सांगून बसली. पोरगी सासूकडेच राहिली होती, ते सांगताना तिने मशीन थांबवलं नाही.

मग तो माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ नखं, नवे बूट. आमच्याकडे असा माणूस म्हणजे एकतर दान द्यायला आलेला किंवा वाट चुकलेला. जेलरबाईने नियमाप्रमाणे त्याचा हात हातात घेतला, या, बसा म्हणाली. पण उपासना संपताच ती थेट पाळकांपाशी गेली. मी भांडी आवरत होते, सगळं ऐकलं.

"आत आल्यावर माणूस आधी वेदीकडे बघतो, नाहीतर जमिनीकडे. याने आधी बाक बघितले, एकेक करून. हा कुणालातरी शोधतोय."

"ताई, इथे येणारा प्रत्येक जण कुणालातरी शोधत असतो," पाळक म्हणाले.

असलं गोड बोलणं मला कधीच आवडलं नाही. जेलरबाईला मात्र ते पटलं, किंवा तिने पटवून घेतलं. आपला जुना संशयी स्वभाव डोकं वर काढतोय, असं तिला वाटलं असणार. त्या दिवशी शिवणवाली तापाने खोलीत पडून होती, तिने त्याला पाहिलं नाही, आणि आम्ही कुणी तिला काही बोललो नाही. कशाला घाबरवायचं, असं मीसुद्धा म्हटलं.

पुढच्या रविवारी तो लवकर आला. शिवणवाली पहिल्या गाण्याच्या वेळी बाहेर आली आणि नेहमीच्या बाकावर बसली. तो बरोबर तिच्या मागे. आमच्याकडे उपासनेच्या मध्यावर सगळे उठतात, वळतात आणि शेजारच्याचा, मागच्याचा हात हातात घेऊन म्हणतात, तुला शांती असो. मंडळीतल्या पुष्कळांना आठवड्यात दुसरं कुणी शिवत नाही, त्यामुळे हा कार्यक्रम आम्ही चांगला लांबवतो. शिवणवाली हसत वळली, हात पुढे केला, आणि समोर तो.

त्याने हात धरला तो सोडलाच नाही. वाकून तिच्या कानात काहीतरी बोलला. तिचा चेहरा मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होता, पण गर्दीत सगळेच एकमेकांच्या गळ्यात पडलेले, कोण कुणाकडे बघतोय? शेजारच्या म्हातारीला तर त्या दोघांना तसं हात धरून उभं पाहून गहिवरून आलं. तिने डोळे पुसले. मग तो तिला हाताला धरून बाकांच्या मधून दाराकडे घेऊन गेला. ती गेली, ब्र न काढता. जेलरबाईने त्यांना येताना पाहिलं आणि दार उघडून धरलं.

ती ओरडली का नाही, असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. त्यांनी कधी मार खाल्लेला नसणार. मार खाल्लेल्या बाईला पोरीचं नाव कानात सांगितलं की ती ओरडत नाही, हे मी तुम्हाला सांगते.

मी डाव टाकून धावले तोवर गाडी निघून गेली होती. पाळक आणि जेलरबाई पोलिसांत गेले. तिथल्यांनी नवरा-बायकोचं भांडण म्हणून हात वर केले. शोधत शोधत त्याच्या घरापर्यंत पोचले, तर घराला कुलूप. शेजारी कानावर हात ठेवून मोकळे. जेलरबाई त्या बंद दारासमोर इतका वेळ उभी राहिली की पाळकांना तिला ओढून आणावं लागलं.

त्यानंतर मंडळीची बैठक झाली आणि अक्षरशः हमरीतुमरी झाली. दारावर विचारपूस हवी, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. नाव विचारा, ओळख विचारा, पिशव्या तपासा. उंच बाई उठून म्हणाली, "मला बाई की बाप्या असं न विचारणारं या शहरात हे एकच दार आहे. तेही बंद करा." ती रडत होती. पण लोक घाबरले होते, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. मी विचारपुशीच्या बाजूने हात वर केला. हे काम कोण करणार, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांच्या माना एकीकडे वळल्या. जेलरबाई लगेच हो म्हणाली. तिला कुणी दोष दिला नव्हता, पण तिने स्वतःला शिक्षा सुनावून टाकली होती.

दारात टेबल आलं. ती त्यामागे बसली आणि पाहता पाहता पुन्हा आमची जुनी जेलरबाई झाली. आवाज तोच, कोरडा. नाव? कुणाच्या ओळखीने? पिशवी उघड. नजर पुन्हा हातांवर उतरली. आधी कागदपत्रं नसलेले मजूर यायचे थांबले, मग धंदेवाल्या बाया. उंच बाई एका रविवारी आली, टेबल बघून पायरीवरूनच परतली आणि पुन्हा दिसली नाही. गाणं बेसूर झालं. माझं सूप उरायला लागलं.

एका कडक थंडीच्या सकाळी मी भांडं घेऊन बाहेर येत होते. टेबलासमोर एक बाई उभी होती, तोंडावरून स्कार्फ लपेटलेला, एक हात पोटाशी धरलेला. दुसऱ्या हाताने ती टेबलावर अंथरलेल्या कापडाची कड चिमटीत धरून बघत होती. मी भांडं जमिनीवर ठेवेपर्यंत ती वळली आणि पायऱ्या उतरली. मी अनवाणी धावले. बस मध्ये आली. बस गेली तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं.

धापा टाकत परत आले. "काय बोललात तुम्ही तिला?"

"कुणाला?"

"आत्ता होती ती! शिवणवाली होती ती, बाई!"

जेलरबाईने माझ्याकडे पाहिलं. "नाव विचारलं," ती म्हणाली. "बोलली नाही. पुन्हा विचारलं. मग म्हटलं, नाव सांगायचं नसेल तर बाजूला हो, मागे लोक आहेत."

"मागे कोण होतं?"

तिने माझ्या खांद्यावरून रिकाम्या पायऱ्यांकडे पाहिलं. "कुणी नव्हतं," ती म्हणाली.

आम्ही बसस्टँड पालथा घातला, रात्रनिवारे, दवाखाने, पुलाखालची जागा. पाळक खोकत खोकत प्रत्येक शिवणाच्या दुकानात जाऊन विचारून आले. कुठेच पत्ता लागला नाही. अजूनही लागलेला नाही. जिवंत आहे की नाही, तेही माहीत नाही.

टेबल जेलरबाईनेच उचलून तळघरात नेऊन टाकलं. पाळकांनी तिला पुन्हा दारावर उभं राहायला सांगितलं, गयावया केली म्हणा ना, पण ती ऐकेना. आता आमचं दार नुसतंच उघडं असतं, कुणी हात हातात घेत नाही. ती दर रविवारी येते, पण पायरी चढत नाही. समोरच्या लाँड्रीच्या आडोशाला, इस्त्रीच्या वाफेची नळी बाहेर निघते तिथे, उपासना संपेपर्यंत बसून असते. मी तिला वाटीतून सूप नेऊन देते. तुरुंगात हिने मला कधी पाण्याचा जास्तीचा घोट दिला नाही, आणि आज हिच्यासाठी माझा जीव तुटतो.

परवा पाऊस होता. मी चिडले. "आत बसून वाट बघितली तर काय बिघडेल? ती आलीच तर आतूनही दिसेल की!"

"मला दिसेल," जेलरबाई म्हणाली. "पण तिला मी दारात दिसले तर ती आत येणार नाही."

तिने सूप संपवलं, वाटी माझ्या हातात दिली आणि भिंतीला आणखी टेकून बसली, रस्त्यावरून दिसू नये अशी.